गोष्टींच्या रंगाची लोकर

आमच्या स्वयंपाकघरात मागच्या शेगडीवर एक जुने स्टीलचे पातेले असते. त्याच्या कडीला मी लाल दोरा बांधून ठेवला आहे. घरातल्या कोणीही त्यात चहाचे आधण किंवा आमटी ठेवायची नाही, ही त्या दोऱ्याची खूण. तरी एकदा 'ह्यां'नी झाकण उचललेच. आत डोकावून म्हणाले, "वा! आज आमसुलाचं सार वाटतं?" आणि पळी घालून बघतात तो काय, पळीबरोबर वर आली ती लालभडक लोकरीची लड! तेव्हापासून आमच्याकडे जेवणाच्या वेळी "आज काय शिजतंय?" असा प्रश्न कोणी विचारत नाही, "आज जेवायचं काय आणि रंगवायचं काय?" असे विचारतात.

बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रा करतात, भजनी मंडळात जातात. मी लोकर रंगवू लागले. तीसुद्धा कुठल्याही रंगात नव्हे. लहानपणी वाचलेल्या पुस्तकांच्या रंगांत. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईला हे वेड कुठून लागले, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर थोडे लांबचे आहे, आणि त्यात माझी एक जुनी चूकही आहे.

लीड्सहून आलेली लड

२०१५ सालच्या दिवाळीत माझी भाची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, इंग्लंडातल्या लीड्सहून आली. तिने माझ्यासाठी शंभर ग्रॅम लोकरीची एक लड आणली होती. रंग एकसारखा नव्हता. राखाडी, त्यातून हळूच डोकावणारा कोवळा पोपटी आणि मध्येच कुठे गुलाबी ठिपका. लडीला अडकवलेल्या चिठ्ठीवर रंगाचे नाव म्हणून चक्क एका पुस्तकाचे नाव होते : 'द सीक्रेट गार्डन'. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटबाईंची ही कादंबरी १९११ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातली ती कुलुपबंद बाग यॉर्कशरमधलीच. म्हणजे माझ्या भाचीच्या आताच्या मुलखातली.

"मावशी, तिकडे कितीतरी बायका घरच्या स्वयंपाकघरात लोकर रंगवतात आणि लोकरीच्या जत्रांतून विकतात," ती सांगू लागली. "आणि रंगांना आपल्या आवडत्या गोष्टींची नावं देतात. पीटर ससुल्याच्या कोटाचा निळा, असं काहीतरी." बिआट्रिक्स पॉटरचा तो ससा १९०२ सालापासून आपला निळा कोट घालून जगभरच्या मुलांना भेटतो आहे. त्याच्या कोटाच्या रंगाची लोकर घेऊन एखादी आजी नातवाचा स्वेटर विणते, ही कल्पनाच मला फार गोड वाटली.

रात्री ती लड उशाशी घेऊन मी विचार करीत पडले. आपल्या लहानपणीच्या पुस्तकांना कुठले रंग होते? खरे सांगायचे तर फारसे नव्हतेच. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि भागवतांचा 'फास्टर फेणे' आम्ही वाचले ते काळ्या शाईत. रंग भरायचे ते आपल्या मनाने. पण एक अपवाद होता. तो म्हणजे 'चांदोबा'!

मद्रासेहून हे मासिक निघत असे. १९४७ साली ते तेलुगु आणि तमिळ भाषांत सुरू झाले आणि १९५२ पासून 'चांदोबा' या नावाने मराठीत येऊ लागले. त्यातला खांद्यावर प्रेत टाकून तलवार उपसून चाललेला विक्रम राजा कोण विसरेल? ते चित्र काढणारे चित्रकार शंकर २०२० साली वारले, तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले.

तराजूत गेलेले बालपण

आमचा वाडा सदाशिव पेठेत होता. वडील दर वर्षी चांदोबाचे बारा अंक बाइंडरकडे देत. बाइंडर मुखपृष्ठे काढून टाकी आणि बाकीच्या पानांना लाल कापडी पाठ लावून जाड पुस्तक करून देई. असे आठ-नऊ खंड जमले होते. मी मोठी, म्हणून अंक आधी माझ्या हातात पडत. बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ती वाचायला लागली तोवर मी चांदोबा सोडून कादंबऱ्यांकडे वळले होते. तेव्हा ते खंड तिचेच झाले. आजारी पडली की ती ते उशाशी घेऊन झोपायची.

वडील गेल्यावर १९९४ साली वाडा पाडायचे ठरले. बहीण तेव्हा बडोद्याला. मी पुण्यात, म्हणून आवराआवर माझ्याकडे. नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि वर हे वाड्याचे काम! माळ्यावरचे सगळे कागद मी एका दुपारी रद्दीवाल्याला दिले. लाल पाठीचे खंड तराजूत चढताना मी पाहिले. क्षणभर थांबलेसुद्धा. पण म्हटले, ठेवायचे कुठे?

महिन्याने बहीण आली. तिने एवढेच विचारले, "ताई, माझे चांदोबा कुठे आहेत?" मी सांगितले. ती म्हणाली, "असू दे." भांडली असती तर बरे झाले असते. पण त्यानंतर वीस वर्षांत तिने तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. पुस्तके गेली ती गेलीच. शिवाय आम्हा दोघींच्या बोलण्यात एक बंद खोली तयार झाली.

लीड्सची लड उशाशी असताना मला ती खोली आठवली. एका अंकाचे मुखपृष्ठ माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होते. दाट हिरवे रान, त्यातून जाणारी पायवाट. म्हटले, खंड परत आणता येत नाहीत. त्या रानाच्या रंगाची शाल तरी बहिणीला करून द्यावी.

फजिती आणि कृती

पहिल्याच घासाला खडा लागला. बाजारातून 'लोकर' म्हणून आणलेली पांढरी लड दोन तास रंगात शिजवली, आणि धुतली तर पुन्हा पांढरी ती पांढरी! ती लोकर नव्हतीच, अॅक्रिलिक होते. तेव्हापासून मी दोरा जाळून बघते. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. दुकानदार काहीही सांगो, काडेपेटी खोटे बोलत नाही.

दुसरी फजिती माझ्या घाईची. गरम पातेल्यातली लोकर मी थेट नळाखाली धरली आणि चोळली. झाला नमदा! लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. एकदम गरमाचे थंड केले आणि वर घुसळले, की ते एकमेकांत अडकतात ते कायमचेच. म्हणून लोकर उकळू द्यायची नाही, ढवळायची नाही, फक्त अलगद दाबायची, आणि रंगाच्या त्याच पाण्यात निवू द्यायची. चहा गाळायची घाई इथे चालत नाही.

कृती तशी सोपी आहे. शंभर ग्रॅम लोकरीला दहा-बारा ग्रॅम तुरटी. तुरटीच्या कोमट पाण्यात लोकर घालून मंद आचेवर तासभर ठेवायची. तुरटी लोकर आणि रंग यांच्यात मध्यस्थ असते; ती नसली तर बरेच वनस्पतीरंग लोकरीशी संसार करीत नाहीत. मग रंगाचे पाणी. काष्ठौषधींच्या दुकानातल्या मंजिष्ठेने विटकरी-लाल येतो. डाळिंबाच्या वाळलेल्या सालींनी मोहरीसारखा पिवळा, आणि त्यातच चिमूटभर हिराकस पडले तर शेवाळी. भांडी मात्र स्वयंपाकाहून वेगळी हवीत, आणि हातांत रबरी मोजे. रंग नैसर्गिक असला म्हणजे तो पोटात गेला तरी चालेल, असे नाही.

रंगांच्या नावांची आपल्याकडे काय वाण आहे! अंजिरी, आमसुली, अबोली, मोरपंखी, गुलबक्षी, पारवा, शेंदरी. आपल्या आया-आज्यांनी लुगड्यांच्या दुकानात बसून हे शब्द जिवंत ठेवले. मी नवी लड वाळत घातली की आधी असा शब्द शोधते आणि मग ती कुठल्या गोष्टीतली, ते ठरवते.

हिरव्याचे कोडे

पण मला हवे होते रान, आणि हिरवा हाच सगळ्यांत अवघड निघाला. सगळी सृष्टी हिरवी. पण पाने उकळली तर लोकरीवर बहुधा पिवळट, मळकट रंग येतो. पक्का हिरवा हवा तर निळा आणि पिवळा एकावर एक चढवावे लागतात. अमेरिकेत लिओ लिओनी नावाचे चित्रकार होते. आगगाडीत कंटाळलेल्या नातवंडांसाठी त्यांनी मासिकाचे रंगीत कागद फाडून एक गोष्ट रचली. निळा ठिपका आणि पिवळा ठिपका दोस्त होते. त्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघे हिरवे झाले! १९५९ साली त्याचे पुस्तक निघाले. रंगाऱ्याचे सारे शास्त्र त्या एका मिठीत आहे.

निळ्यासाठी खरी नीळ हवी. कपड्यांना घालतो ती नव्हे, नीळीच्या झाडाची. हिच्यापायीच बिहारातल्या शेतकऱ्यांचे हाल झाले आणि १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले. त्याच्या वीस वर्षे आधी, १८९७ पासून, जर्मनीतली कारखान्यात बनलेली नीळ बाजारात येऊ लागली होती. ही नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना आणि फळांची साखर घालून तिचे मन वळवावे लागते. मग पिवळट-हिरव्या पाण्यात लोकर बुडवायची आणि वर काढायची. हवा लागताच ती डोळ्यांदेखत निळी होत जाते! पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा 'ह्यां'नासुद्धा हाक मारून बोलावले. लोकरीला चुन्याचे पाणी फार वेळ सोसत नाही, म्हणून ती लगेच काढून शेवटी व्हिनेगरच्या पाण्यातून खळबळून घेतली.

त्यावर पिवळा. हळदीला चुना लागला की कुंकू होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून आधी नीळ आणि नीट धुतल्यावर मग हळद, असा क्रम ठेवला. डाळिंबाच्या साली पुरेशा जमल्या नव्हत्या आणि मला धीर नव्हता. हळदीने असा काही रसरशीत हिरवा आला, की वाटले, हेच ते रान! दोन महिने विणून शाल बडोद्याला पाठवली.

बहिणीचा फोन आला. "ताई, शाल फार सुरेख झालीय. पण ते रान हिरवं नव्हतं गं. निळं होतं."

"निळं कसं असेल? रान कधी निळं असतं?"

"होतं. मला पक्कं आठवतंय."

मला रागच आला. दोन महिने डोळे फोडून विणले, आणि हे बक्षीस!

पुढच्या मे महिन्यात पुन्हा फोन. स्वर जरा चोरटा. "ताई, रागावू नकोस. शाल खिडकीजवळच्या खुर्चीवर घडी करून ठेवली होती. वरच्या घडीचा रंग बदलायला लागलाय. निळी होतेय."

मी कपाळावर हात मारून घेतला. हळद! उन्हात हळदीचा रंग टिकत नाही, हे कोणत्या गृहिणीला माहीत नाही? साडीवर वरणाचा डाग पडला की आपणच धुऊन उन्हात टाकतो. पिवळा उडाला, नीळ राहिली. युरोपातल्या जुन्या विणीव चित्रपडद्यांवरची झाडे अशीच निळी दिसतात. विणणाऱ्यांनी ती हिरवीच विणली होती.

फोन ठेवल्यावर एकदम लख्खकन आठवले. बाइंडरने काढून टाकलेले ते मुखपृष्ठ वडिलांनी मला दिले होते, आणि मी ते मधल्या खोलीत खिडकीच्या दाराला आतून डकवले होते. पश्चिमेची खिडकी, दुपारभर ऊन. छापील चित्रातल्या शायांचेही तसेच. उन्हात पिवळी आणि लाल आधी विटते, निळी मागे उरते. मी ते रान नवे असताना पाहिले. बहीण आठ वर्षांनी मागून आली; तिने पाहिले ते उन्हात विटलेले.

लगेच फोन फिरवून तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हसली. "म्हणजे दोघींचंही खरं!"

त्या हसण्याचा आधार घेऊन मी वीस वर्षे अडलेले वाक्य बोलून टाकले. "तुझे चांदोबा मी तुला न विचारता विकले. तेव्हा विचारायला हवं होतं गं."

"विचारलं असतंस तर मी विकूच दिले नसते," ती म्हणाली. "पण तू विचारायला हवं होतंस, हे तू कधी म्हणशील याची मी वाट पाहत होते."

ती शाल पुन्हा रंगवून देऊ का, असे मी विचारले. नको म्हणाली. तिला तिचे निळे रान मिळाले होते. आता मी माझ्यासाठी दुसरी विणते आहे; डाळिंबाच्या सालीची, तुरटी घालून, बिनघाईची.

दिवाळी आली की आपण माळे झाडायला घेतो. वाचकहो, डाळिंबे सोलाल तेव्हा साली टाकू नका, सावलीत वाळवा. मुलांना एखादी लड रंगवून दाखवा, आणि तिला त्यांच्या आवडत्या गोष्टीचे नाव त्यांनाच देऊ द्या. आणि माळ्यावरचा पुस्तकांचा गठ्ठा तराजूत टाकण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, परगावी असलेल्यालासुद्धा, एकदा विचारा. फोनला पैसे फार पडत नाहीत.