न्यायाधीशाला आपण मत का देत नाही?

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक आजी येतात. आंबेगाव तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या. त्यांचे एक भातखाचर आहे. त्याच्या बांधावरून भावकीशी तंटा पेटला आणि तो घोडेगावच्या कोर्टात गेला.

एके दिवशी मतदानाचा पाठ चालू होता. आजी मधेच म्हणाल्या, "गुर्जी, सरपंचाला आपुन मत देतो, आमदाराला देतो. मग कोर्टातल्या सायबाला का न्हाई देत? माझ्या खाचराचा निकाल तर त्योच देनार!"

वर्ग हसला. मी हसलो नाही. प्रश्न चांगला होता. मी विचारले, "आजी, तुमच्या घरात मते किती?"

"तीन."

"आणि भावकीत?"

"साठ तरी असतील."

"मग साहेबाला पुन्हा निवडून यायचे असेल, तर तो कोणाचे तोंड बघेल?"

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "साठांचं."

वाचकहो, सगळे मर्म यात आले. सरपंचाने बहुतेकांना हवे ते करावे, म्हणून त्याला मत द्यायचे. न्यायाधीशाने खरे काय ते पाहावे. एका बाजूला एकटी बाई आणि दुसऱ्या बाजूला अख्खा गाव असला, तरी खरे बदलत नाही.

पण सगळ्या जगात अशी रीत नाही. अमेरिकेत मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तेथे 1832 साली सगळे न्यायाधीश मतांनी निवडायचे ठरले. पुढे बऱ्याच राज्यांनी तेच केले. आजही तिकडे अनेक ठिकाणी खालच्या कोर्टाचे न्यायाधीश निवडणूक लढवतात. त्यांचे म्हणणे असे, की सरकारने नेमलेला माणूस सरकारचेच ऐकेल. हे म्हणणेही अगदी खोटे नाही. पण निवडणूक म्हटली की पैसा आला. पैसा कोण देणार? पुष्कळदा वकीलच देतात, आणि उद्या तेच वकील त्याच न्यायाधीशापुढे उभे राहतात.

म्हणजे भीती दोन्हीकडून आहे. मत देणाऱ्याची भीती आणि नेमणाऱ्याची भीती. रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांनीच नेमलेले न्यायाधीश. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवले. पण प्रत्येक माणूस रामशास्त्री नसतो. साध्या माणसालाही निर्भयपणे निकाल देता यावा, अशी व्यवस्था लागते.

ती आपल्या राज्यघटनेने केली आहे. खालच्या कोर्टाचा न्यायाधीश व्हायचे, तर आधी कायद्याची पदवी हवी. मग निदान तीन वर्षे वकिली केलेली हवी. तसा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला आहे. त्यानंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा. आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, शेवटी मुलाखत. शेतकऱ्याची मुलगीसुद्धा ही परीक्षा देऊ शकते. नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते. पण पुढे बदली, बढती, रजा हे सगळे उच्च न्यायालयाच्या हाती असते. आमदाराच्या नाही, मंत्र्याच्या नाही, कलेक्टरच्याही नाही. म्हणून न्यायाधीशाला कोणाचे तोंड बघावे लागत नाही.

या पहिल्या पायरीच्या न्यायाधीशाकडे दोन कामे असतात. जमीन, वाटणी, पैसा यांचे दावे म्हणजे दिवाणी काम. मारामारी, चोरी असे खटले म्हणजे फौजदारी काम. फौजदारीत तो तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतो. खुनासारखे मोठे खटले वरच्या सत्र न्यायालयात जातात. त्याचा निकाल पटला नाही, तर वर अपील करता येते. म्हणजे त्याच्या चुकीलाही उपाय आहे.

अशा कोर्टातून मोठी माणसे घडली. महादेव गोविंद रानडे 1842 साली निफाडला जन्मले. 1871 साली ते पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले. त्या काळी शेतकरी सावकारी कर्जाने पिचला होता. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांनी सावकारांची कर्जखते जाळली. मग 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी कायदा झाला. नुसत्या कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका, मुद्दल खरे किती दिले ते न्यायाधीशाने तपासावे, असे त्यात होते. या कायद्याच्या कामावर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणूनही रानड्यांनी काम केले. 1893 साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले.

आता आजींची पुढची गोष्ट. दोन दिवसांनी त्या मला एकट्याला म्हणाल्या, "गुर्जी, एक जन म्हनतो, साहेब आपल्या वळखीचं हाईत. वीस हजार द्या, निकाल तुमच्याकडून लावून देतो. गाय इकावी का?"

मी म्हणालो, "आजी, गाय विकू नका. असा माणूस दोन्हीकडून पैसे खातो. जो जिंकेल त्याला म्हणतो, मी केले. जो हरेल त्याला तोंड दाखवत नाही."

मग आम्ही घोडेगावला गेलो. कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना फुकट वकील मिळतो. त्यांचे उत्पन्न किती, हे पाहत नाहीत. इतर गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. जुन्नरच्या कोर्टातही अर्ज करता येतो. आजींनी अर्जावर अंगठा उठवला नाही, सही केली. हळूहळू, एकेक अक्षर जुळवत केली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील म्हणत. तंटा घरात मिटला तर फारच चांगले. पण मिटत नसेल, तर पायरी ताठ मानेने चढावी, आणि मध्यस्थाला खालीच सोडावे.

आजींचा निकाल अजून लागलेला नाही. परवा मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "लागंल तवा लागंल. सायबानं माझं म्हननं लिवून घेतलं. साठ जनांच्या म्होरं माझं एकटीचं लिवून घेतलं."

गाय अजून गोठ्यात आहे.