‘रँडमाइझ’ या क्रियापदाचा अर्थ

इंग्रजीतील ‘रँडम’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील बेफाम धावेचा वाचक असलेल्या शब्दापासून आला. अशा धावेस नेम नसतो. म्हणून पुढे ‘हेतूविना घडणारे’ हा अर्थ रूढ झाला. त्यावरून ‘रँडमाइझ’, म्हणजे ‘यादृच्छिक करणे’, हे क्रियापद विसाव्या शतकात संख्याशास्त्रात प्रचलित झाले. मनास येईल तसे निवडणे असा त्याचा अर्थ नव्हे. निवडणाऱ्याच्या मनास वाव न ठेवणे, हेच त्याचे मर्म होय. १९४०च्या दशकात पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी भारतातील पीककापणी प्रयोगांत ही रीत रुजविली. कपाशीचे शेत नजरेने निवडल्यास हात भरघोस पिकाकडेच जातो. वर्गातही तसेच घडते. म्हणून वाचन तपासताना शिक्षकांनी हजेरीपटातील क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढाव्यात. म्हणजे मागच्या रांगेतील मुलासही समान संधी राहील.