तेलालाही अंघोळ हवी!

रस्ता खणणारा पिवळाधमक जेसीबी बघत तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असालच. दगडमातीचा ढीग तो कसा अलगद उचलतो, नाही? पण त्याचा हात हलवतं कोण? इंजिन? तसं अर्धंच उत्तर बरोबर! इंजिन फिरवतं पंप. पंप ढकलतो तेल. ते तेल जाड नळ्यांतून धावत जातं आणि पोलादी नळकांड्यातला दट्ट्या पुढे सरकवतं. झालं, हात वर!

बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितला. पुढे १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने त्यावर चालणारा दाबयंत्राचा शोध नोंदवला. त्यात पाणी वापरलं होतं. पण पाण्याने लोखंड गंजतं, म्हणून नंतर तेल आलं. तेल ताकद पोचवतं, शिवाय वंगणाचं कामही करतं. जेसीबीसारख्या यंत्रात या तेलाचा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असतो!

आता या तेलाचा शत्रू कोण? धूळ! तीसुद्धा डोळ्यांना न दिसणारी. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणि यंत्राच्या व्हॉल्व्हमधल्या फटी कधी कधी अवघ्या पाच मायक्रॉनच्या असतात. म्हणजे आपल्याला स्वच्छ दिसणारं तेलही यंत्राच्या दृष्टीने घाणेरडं असू शकतं!

चिमूटभर रांगोळी तेलात कालवून दोन बोटांत चोळून बघा. कशी खरखर लागते? यंत्रातही तसंच होतं. फटीत अडकलेला कण धातूवर ओरखडा काढतो. त्यातून धातूचा बारीक कीस निघतो. तो कीस तेलात मिसळून आणखी ओरखडे काढतो. एका चोराने दहा चोर बोलवावेत, तसं! शेवटी पंप झिजतो, नाहीतर व्हॉल्व्ह अडकतो. वजन उचललेला हात मध्येच थांबला किंवा हिसका देऊन हलला, तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून असं यंत्र नेहमी लांबूनच बघायचं बरं का!

दुसरा शत्रू पाणी. पारदर्शक बाटलीत दोन चमचे गोडेतेल आणि चमचाभर पाणी घ्या. बूच लावून जोरात हलवा. तेल दुधासारखं दिसेल. कारखान्यातलं तेल असं पांढुरकं झालं, की कामगार ओळखतात, पाणी शिरलं! पण झाकलेल्या पिपात पाणी शिरतं कसं? उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिपाच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं. दिवसा पिपातली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर पडते. रात्री ती गार होऊन आकसते आणि बुचाच्या कडेने पाणी आत ओढून घेते. जणू पीप श्वासच घेतं! म्हणून पिपं छपराखाली ठेवतात. जागा नसेलच, तर आडवी ठेवतात.

मग तेलाची अंघोळ कशी घालायची? आपण चहा गाळतो, तसं तेल फिल्टरमधून गाळतात. पीप नवंकोरं असलं, तरी त्यातलं तेल गाळूनच यंत्रात भरणं चांगलं. लोखंडाचा कीस पकडायला टाकीत लोहचुंबक बसवतात. पाणी काढायला तेल यंत्रात गरगर फिरवतात. पाणी जड, म्हणून ते बाहेरच्या बाजूला जातं. प्रयोगशाळेत एक मिलिलिटर तेलातले कण मोजतात आणि तेलाला चक्क अंक देतात. ४ मायक्रॉनहून मोठे कण १३०० ते २५०० असले तर अंक १८. कण दुप्पट झाले की १९. आपल्याला जास्त गुण हवे असतात, तेलाला मात्र कमी!

गाळलेलं तेल जास्त दिवस टिकतं. पैसा वाचतो, यंत्रही वाचतं. आणि तेल अगदीच खराब झालं तर? ते गटारात किंवा मातीत मुळीच ओतायचं नाही. त्यावर प्रक्रिया करून पुन्हा चांगलं तेल बनवता येतं.

घरी शिलाई यंत्र किंवा सायकल असेल, तर या रविवारी एक काम करा. आधी कापडाने धूळ पुसा, मग तेलाचे दोन थेंब सोडा. आणि हो, तेलाच्या डबीचं झाकण लावायला विसरू नका!