स्मार्टफोनद्वारे गिझर व वातानुकूलन यंत्राचे दूरनियंत्रण : वसई-विरार परिसराच्या संदर्भात उपयुक्ततेचे विवेचन

प्रस्तावना

विज्ञान व तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे मानवाच्या दैनंदिन जीवनात आमूलाग्र बदल घडून आले आहेत. पाणी तापविण्यासाठी एकेकाळी चूल आणि तांब्याचा बंब वापरणाऱ्या वसईच्या वाड्यांमध्ये आज विजेवर चालणारा गिझर पोहोचला आहे आणि तो गिझर चर्चगेटला बसून चालू वा बंद करण्याची सोय स्मार्टफोनने उपलब्ध करून दिली आहे. मात्र एखादी गोष्ट शक्य असणे आणि ती फायदेशीर असणे या दोन भिन्न बाबी होत. या दोहोंतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घरातील उष्णतेचे दूरनियंत्रण ही कल्पना मूलतः शीत प्रदेशातील आहे. ब्रिटन, कॅनडा यांसारख्या देशांत हिवाळ्यात संपूर्ण घर उबदार ठेवावे लागते व कुटुंबाच्या ऊर्जाखर्चाचा फार मोठा भाग त्यावरच खर्च होतो. त्यामुळे २०११ मध्ये अमेरिकेत नेस्ट हा इंटरनेटशी जोडलेला थर्मोस्टॅट बाजारात आला, तेव्हा त्यास मोठा प्रतिसाद मिळाला. वसई-विरारचे हवामान समुद्रसान्निध्यामुळे उष्ण व दमट असून येथे खोली तापविण्याची गरज भासत नाही. येथे प्रश्न उद्भवतो तो दोन उपकरणांबाबत : स्नानाचे पाणी तापविणारा गिझर आणि खोली थंड करणारे वातानुकूलन यंत्र.

व्याप्ती व पद्धती

सदर विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचे आहे. आकडेमोड भौतिकशास्त्राच्या सर्वमान्य नियमांवर आधारलेली असून गणनेच्या सोयीसाठी विजेचा दर प्रतियुनिट १० रुपये आणि दूरनियंत्रित स्विचची किंमत १५०० रुपये गृहीत धरली आहे. प्रत्यक्ष दर वापराच्या टप्प्यानुसार बदलतो. तथापि त्यामुळे निष्कर्षाची दिशा बदलत नाही. गॅसवर चालणारा गिझर पाण्याच्या प्रवाहाबरोबर पेटत असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

दूरनियंत्रणाची कार्यपद्धती

वापरकर्ता स्मार्टफोनवर बटण दाबतो तेव्हा तो संदेश थेट घरी जात नाही. प्रथम तो मोबाईलच्या जाळ्यातून उत्पादक कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तेथून घरातील वाय-फाय राउटरकडे आणि अखेरीस स्विचमधील सूक्ष्म नियंत्रकाकडे पोहोचतो. हा नियंत्रक रिले नावाचा विद्युतचुंबकीय खटका मिटवतो व वीजप्रवाह सुरू होतो. या साखळीतील कोणताही एक दुवा तुटला तरी आज्ञा पोहोचत नाही. शिवाय जुन्या वातानुकूलन यंत्रांसाठी वापरले जाणारे अवरक्त किरणांचे नियंत्रक बहुधा एकतर्फी असतात. ते आज्ञा पाठवतात, परंतु यंत्र खरोखर सुरू झाले की नाही हे त्यांना कळत नाही.

गिझर : बचतीचे गणित

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे २२०० किलोज्यूल, म्हणजेच ०.६१ युनिट वीज लागते. २ किलोवॅट क्षमतेचा गिझर हे काम सुमारे १८ मिनिटांत करतो. बटण भिंतीवरचे असो वा फोनवरचे, ही वीज लागणारच. दूरनियंत्रणाने त्यात कोणतीही बचत होत नाही, ही बाब प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

बचत संभवते ती दुसऱ्या ठिकाणी. तापलेल्या टाकीतून उष्णता सतत बाहेर जात असते आणि गिझर चालू राहिल्यास थर्मोस्टॅट ती पुनःपुन्हा भरून काढतो. गिझर सतत चालू ठेवणे स्वस्त पडते, कारण पाणी पुन्हा पहिल्यापासून तापवावे लागत नाही, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. उष्णतेचा ऱ्हास हा टाकी व सभोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात होतो. टाकी जितका वेळ गरम राहील, तितकी अधिक उष्णता वाया जाते. थंड होऊ दिलेल्या टाकीतून होणारा ऱ्हास मात्र हळूहळू कमी होत जातो.

दिवसभर चालू राहिलेल्या गिझरमुळे अर्धा युनिट वीज वाया जाते असे धरल्यास तीन प्रकारची कुटुंबे कल्पिता येतात. पहिले कुटुंब स्नानानंतर गिझर नियमितपणे बंद करते. त्याची बचत शून्य होय. दुसरे कुटुंब आठवड्यातून एकदा विसरते. त्याचे वर्षाला २६ युनिट, म्हणजे २६० रुपये वाया जातात. परंतु स्मार्ट स्विच स्वतः जागा राहण्यासाठी सतत सुमारे १ वॅट वीज घेतो, म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. हे ८८ रुपये वजा जाता निव्वळ बचत १७२ रुपये राहते व स्विचची किंमत वसूल होण्यास साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागतो. इतका काळ ते उपकरण टिकेल वा कंपनी त्याची सेवा चालू ठेवेल, याची शाश्वती नाही. तिसऱ्या कुटुंबात गिझर बारमाही चालूच असतो. तेथे वर्षाला १८०० रुपयांच्या आसपास बचत शक्य असून किंमत वर्षभरात वसूल होते. मात्र हीच बचत भिंतीवरचे बटण बंद करण्याच्या सवयीने विनामूल्य होते.

वातानुकूलन यंत्र : सोय आणि खर्च

घरी पोहोचण्यापूर्वी खोली थंड व्हावी म्हणून यंत्र आधीच सुरू करणे, हा दूरनियंत्रणाचा सर्वाधिक सांगितला जाणारा लाभ होय. परंतु रिकामी खोली थंड करणे म्हणजे वाढीव वीज वापरणे. वीस मिनिटे आधी यंत्र सुरू केल्यास सुमारे ०.४ युनिट, म्हणजे ४ रुपये अधिक खर्च होतात. उन्हाळ्याच्या १०० दिवसांत हा खर्च ४०० रुपये होतो. ही बचत नसून विकत घेतलेली सोय आहे. ती घेण्यास कोणाचीही हरकत नसावी, परंतु तिला बचत म्हणणे युक्त ठरत नाही.

याउलट, यंत्र चालू ठेवूनच कुटुंब घराबाहेर पडले तर दहा तासांत ८ युनिट वीज सहज खर्च होते. विरार स्थानकावर पोहोचल्यावर ही चूक लक्षात आली आणि तेथूनच यंत्र बंद करता आले, तर एकाच प्रसंगी ८० रुपये वाचतात. म्हणजेच, दूरवरून चालू करण्यापेक्षा दूरवरून बंद करण्याची सोय आर्थिकदृष्ट्या अधिक मोलाची आहे.

याहून मोठी बचत तापमानाच्या निवडीत आहे. यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने वेळोवेळी सांगितले आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांसाठी २४ अंश हे मूळ तापमान अनिवार्य करण्यात आले, त्यामागील भूमिकाही हीच होती. २० ऐवजी २४ अंश ठेवण्यास स्मार्टफोनची आवश्यकता नाही.

वसई-विरारचे विशेष संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या महानगरपालिका क्षेत्रातील नोकरदारांचा फार मोठा वर्ग पश्चिम रेल्वेने मुंबईस जातो. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर असून प्रवासास दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. ज्याची परतण्याची वेळ ठरलेली आहे, त्याला साधा टायमर पुरेसा आहे. ज्याची वेळ रोज बदलते, त्याच्यासाठी मात्र टायमर निरुपयोगी ठरतो आणि तेथेच दूरनियंत्रणास खरा अर्थ प्राप्त होतो. अर्थात त्यातही तारतम्य हवे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपारा परिसरात रुळांवर पाणी साचून लोकलसेवा विस्कळीत झाली होती. दादरहून निघताना सुरू केलेले यंत्र अशा वेळी रिकाम्या घरात तासन्‌तास चालू राहील. म्हणून यंत्र नायगाव सोडल्यावर सुरू करणे आणि ठरावीक वेळेनंतर ते आपोआप बंद होईल अशी योजना ठेवणे अधिक योग्य होय.

दुसरा संदर्भ वीजपुरवठ्याचा आहे. वीज खंडित झाल्यास राउटरही बंद पडतो. वीज परत आल्यावर काही स्विच पूर्वीच्या स्थितीत, म्हणजे चालू अवस्थेत येतात. गिझरला जोडलेला स्विच वीज परतल्यावर बंदच राहील, अशी मांडणी आरंभीच करून घ्यावी लागते. तसेच, महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरास प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपयापर्यंत सवलत जाहीर केली होती. अशा सवलतीत वापराची वेळ बदलणे लाभदायक ठरते. परंतु ही वेळ निश्चित असल्याने तेथेही टायमर पुरतो.

तिसरा संदर्भ कौटुंबिक आहे. मुले परगावी वा परदेशी आणि वृद्ध आईवडील वसईच्या घरी, असे चित्र आज अनेक कुटुंबांत दिसते. आजीने गिझर बंद केला की नाही, हे दूर असलेल्या मुलीला कळणे, याचे मूल्य वीजबिलात मोजता येत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न

२ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर, तर ३ किलोवॅटचा १३ अँपिअर प्रवाह घेतो. दिवा वा पंख्यासाठी बनविलेला स्मार्ट प्लग गिझरला जोडल्यास तो तापून आग लागण्याचा संभव असतो. त्यामुळे १६ अँपिअर क्षमतेचाच स्विच, योग्य जाडीची तार, चांगले अर्थिंग व गळतीप्रवाह रोखणारा ब्रेकर या चार बाबी अनिवार्य मानल्या पाहिजेत. विहिरीच्या वा बोअरवेलच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर साचतो व ती लवकर खराब होते. कॉइल फुटल्यास प्रवाह पाण्यात उतरू शकतो. फोनवरून गिझर चालू करणाऱ्याला त्या क्षणी न्हाणीघरात कोण आहे, हे दिसत नाही. म्हणून घरात माणसे असताना त्यांना सांगितल्याशिवाय दूरवरून गिझर चालू करू नये.

माहितीची सुरक्षितताही दुर्लक्षिता येत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेली असंख्य घरगुती उपकरणे ताब्यात घेऊन इंटरनेटच्या मोठ्या भागाची सेवा खंडित केली होती. उपकरणाच्या चालू-बंद होण्याच्या नोंदींवरून घर केव्हा रिकामे असते, हेही कळू शकते. शिवाय ही सोय कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहते. ज्या नेस्ट थर्मोस्टॅटचा उल्लेख आरंभी केला, त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांचे फोनद्वारे होणारे नियंत्रण गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केले. भिंतीवरील यंत्रे चालू राहिली, दूरनियंत्रण मात्र संपुष्टात आले.

निष्कर्ष

१. दूरनियंत्रणाने पाणी तापविण्यास वा खोली थंड करण्यास लागणारी मूळ वीज कमी होत नाही. केवळ विसराळूपणामुळे होणारा अपव्यय टळतो.

२. नियमित दिनक्रम असलेल्या कुटुंबास बटण बंद करण्याची सवय किंवा साधा टायमर पुरेसा आहे.

३. परतण्याची वेळ अनिश्चित असलेले प्रवासी आणि वृद्धांची दुरून काळजी घेणारी कुटुंबे यांच्यासाठी ही सोय उपयुक्त आहे. मात्र तिचे मूल्यमापन बचत म्हणून न करता सोय व निश्चिंतता म्हणून करावे.

४. पुरेशा क्षमतेचा स्विच व अर्थिंग नसलेल्या घरात दूरनियंत्रित गिझर बसवू नये.

समारोप

तंत्रज्ञान स्वीकारताना ते नवे आहे की जुने, यापेक्षा ते कोणत्या गरजेचे उत्तर आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शीत प्रदेशातील घराची गरज आणि वसईतील घराची गरज एक नव्हे. येथील मध्यमवर्गीय कुटुंबाने स्मार्ट स्विचवर पैसे खर्च करण्यापूर्वी गिझरचे अर्थिंग तपासून घेतले आणि वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवले, तर सुरक्षितता व बचत या दोन्ही बाबतींत अधिक लाभ पदरात पडेल. त्यानंतरही दूरनियंत्रणाची गरज उरत असेल, तर ते जरूर घ्यावे.