बोईसरचा वडापाव आणि कराचीचा बनकबाब

पाळी सुटली की तारापूरच्या कारखान्यांतले कामगार बोईसर स्टेशनाकडे निघतात. पोटात कावळे ओरडत असतात. मग काय, हातगाडीवरचा गरम वडापाव उभ्याउभ्याच खायचा नि आगगाडी गाठायची.

पाकिस्तानातल्या कराचीतही कष्टकरी असाच गाडीपाशी उभा राहतो. हे शहर काही अगदीच परके नव्हे बरे का! १९३६ पर्यंत सिंध प्रांत आपल्या मुंबई इलाख्यातच होता. तिथे खातात बनकबाब. हरभऱ्याची डाळ शिजवून वाटतात. तीत कधी बटाटा, कधी मांस घालतात. तिची टिकिया फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर तळतात आणि कांदा-चटणी लावून गोल पावात देतात. आपला वडा बेसनात बुडतो नि कढईत तळला जातो, इतकाच काय तो फरक!

आणि पाव तरी मूळचा आपला कुठे? तो पोर्तुगीजांचा. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली तारापूर नि वसईचे किल्ले मराठ्यांनी घेतले. पोर्तुगीज गेले, पाव राहिला. बटाटा नि मिरचीसुद्धा अमेरिका खंडातूनच आली. गुरुजी, हा इतिहास मुलांना वडापाव दाखवूनच सांगा.

एक मात्र ध्यानात ठेवा. कढईतून नुकताच निघालेला वडा सहसा बाधत नाही; बाधते ते चटणीतले अस्वच्छ पाणी आणि न धुतलेले हात. रोजंदारीच्या माणसाचे पोट बिघडले, तर त्या दिवसाची मजुरीच बुडते. तेव्हा गरम खा, झाकलेले घ्या, आणि गाडीवाल्याला ‘दादा, हात धुवा’ म्हणायला लाजू नका!