सुजलेला चेहरा: आमच्याच पोराला का?



पाड्यावर एखाद्या मुलाला मूत्रपिंडाचा आजार निघाला की आईचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "दादा, आमच्याच पोराला का?" असे ती विचारते. तोवर कोणीतरी बाहेरची बाधा सांगितलेली असते, कोणी आईलाच बोल लावलेला असतो. योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी असेच विचारले होते, आणि प्रभूने त्याचा व त्याच्या आईबापांचा, दोघांचाही दोष नाकारला. वैद्यकशास्त्राचे उत्तरही समजून घेण्यासारखे आहे, कारण मुलांचे हे आजार जगात सगळीकडे सारख्या प्रमाणात होत नाहीत.

नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंडाची गाळणी सैल पडते. रक्तातले प्रथिन लघवीवाटे जाते, लघवीला फेस येतो आणि डोळ्यांभोवती व पायांवर सूज चढते. ब्रिटनमध्ये झालेल्या पाहण्यांत गोऱ्या मुलांपेक्षा तिथल्या भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या मुलांत हा आजार कित्येक पटींनी जास्त आढळला. जन्मापासूनच असणारा याचा एक प्रकार फिनलंडमध्ये सुमारे ८,००० जन्मांत एकदा दिसतो, तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट ख्रिस्ती समाजात सुमारे ५०० जन्मांत एकदा. थोड्याच कुटुंबांतून वाढलेल्या समाजात एखादा जनुकदोष असा साठत जातो. एवढा भाग रक्तातून येतो, त्याला कोणाचा इलाज नाही.

पण सगळेच रक्तातून येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे भारतीय वंशाच्या बहुतेक मुलांची सूज स्टिरॉइडच्या गोळ्यांनी उतरत असे. त्याच शहरातील कृष्णवर्णीय मुलांना त्या गोळ्या फारशा लागू पडत नसत. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजाराच्या मुळाशी हिपॅटायटिस बी म्हणजे काविळीचा विषाणू होता. १९९५ मध्ये तिथे बाळांना त्याची लस सुरू झाली आणि हा प्रकार झपाट्याने कमी झाला. वंश तोच, शहर तेच. हीच लस आपल्या सरकारी केंद्रांत जन्मल्यापासून २४ तासांच्या आत फुकट मिळते. घरी बाळंतपण झाले की नेमकी तीच चुकते.

आपल्या कामाशी सर्वांत जवळचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील आदिवासींचे आहे. तिथल्या दूरच्या वस्त्यांत खरूज फार. मुले खाजवतात, जखमा पिकतात, त्यांत स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू शिरतात. जंतूंशी लढताना शरीरात जे तयार होते ते मूत्रपिंडात अडकते आणि तिथे दाह होतो. सकाळी चेहरा सुजलेला दिसतो, लघवी कोऱ्या चहासारखी होते, रक्तदाब चढतो. हे सारे जखमेनंतर साधारण तीन आठवड्यांनी होते. तोवर खपली पडून गेलेली असते, म्हणून खरजेचा आणि सुजेचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. बहुतेक मुले बरी होतात. मात्र लहानपणी हा आजार झालेल्या तिथल्या मुलांत पुढे मूत्रपिंडाच्या कायमच्या विकाराचा धोका वाढलेला आढळला आहे. २००५ च्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ४ लाख ७० हजार जणांना हा आजार होतो, त्यांपैकी ९७ टक्के गरीब भागांत. आदिवासी रक्तात काही उणे आहे म्हणून नव्हे. एका खोलीत दहा जण झोपतात आणि धुण्याला पाणी नसते म्हणून.

आपल्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत खरूज म्हणजे हिवाळ्याची नेहमीचीच गोष्ट, असे धरून चालतात. मला ते मान्य नाही. एकाच मुलाला मलम लावून उपयोग नाही. त्या घरातल्या किंवा खोलीतल्या सर्वांना एकाच दिवशी लावावे लागते, कपडे-पांघरुणे धुवावी लागतात आणि डॉक्टर सांगतील तसे पुन्हा लावावे लागते. पिकलेली जखम आशाताईंना दाखवावी. सकाळी चेहरा सुजलेला दिसला तर "पोर अंगाने भरले" म्हणून खूश न होता प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यावा. नेफ्रोटिकच्या मुलाला स्टिरॉइड सुरू असेल, तर सूज उतरली म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत, आणि भगताकडे नेले तरी गोळ्यांचे पाकीट सोबत असू द्यावे.