लेन्सला टी-शर्ट लावू नका, प्लीज!

ऑफिसचा ट्रेक असो की कुणाचं लग्न, एक सीन हमखास दिसतो. गळ्यात महागडा कॅमेरा अडकवलेला एखादा हीरो लेन्सवर 'हाऽऽ' करून वाफ सोडतो आणि टी-शर्टच्या टोकाने खसाखसा पुसतो. माझ्या पोटात गोळाच येतो!

काचेला काय होतंय, असं वाटतं ना? पण बॉस, तुम्ही नुसती काच पुसत नसता. तिच्यावर कोटिंगचे थर असतात. एकेक थर मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ. १९३५ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने ही आयडिया शोधली. काचेवरून परत फिरणारा प्रकाश त्यामुळे आत जातो. आता वाळूतला क्वार्ट्झचा कण बहुतेक लेन्सच्या काचेपेक्षा कठीण. तो टी-शर्टखाली सापडला की झाला सँडपेपर.

म्हणून आधी ब्लोअर. लेन्स खाली तोंड करून धरायची आणि रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकलंत तर थुंकी उडणारच. मग मऊ ब्रश. तरीही बोटाचा ठसा राहिला तरच मायक्रोफायबर. लेन्स क्लीनरचा थेंब कापडावर घ्या, लेन्सवर नाही, नाहीतर तो कडेने आत झिरपतो. मधून बाहेर, गोल गोल, हलक्या हाताने. बस्स. आणि रोज उठून पुसायची गरज नसते. पुढच्या काचेवरचे दोन-चार धुळीचे कण फोटोत दिसतसुद्धा नाहीत. मागच्या काचेला मात्र जपा, तिथला डाग जास्त नडतो.

आपल्याकडचा खरा व्हिलन धूळ नाहीच, पावसाळा आहे. माझ्या एका मित्राने बाबांची जुनी ५० एमएम लेन्स लेदर केसमध्ये घालून कपाटात जपून ठेवली होती. ऑक्टोबरात काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून साफ केली, पण कोटिंगवर उमटलेली नक्षी काही गेली नाही. त्याच लेन्समधून त्याच्या बारशाचे फोटो निघाले होते. आता उजेडासमोर धरली की सगळं धुरकट.

लेदर दमटपणा धरून ठेवतं. त्यापेक्षा किचनमधला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा पळवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आत छोटा हायग्रोमीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे हवा. डब्याबद्दल आईशी काय बोलायचं, ते तुमचं तुम्ही बघा.